आगीनंतरचा हात : खानावळीतल्या माणसांच्या अंगवळणी स्वच्छता कशी पाडायची

मिरजेत दवाखान्यांच्या रस्त्यावर माझी खानावळ आहे. बावीस वर्षं झाली. दोन वेळची मिळून दीडशे ताटं आणि साठ-सत्तर डबे. डबे नेणारे बहुतेक पेशंटचे नातेवाईक. जत, कवठेमहांकाळ, अथणी, कागवाड अशा गावांहून आलेले, रात्र रात्र वऱ्हांड्यात काढलेले. त्यांच्या डब्यातला घासभर वरणभात पेशंटच्याही तोंडी जातो. हाताखाली आठ माणसं आहेत. आचारीमामा, पोळ्या-भाकरीच्या दोन मावशी, भांड्यांवर एक मावशी, चिराचिरीला एक पोरगा आणि वाढायला तिघं, त्यातला एक नेपाळचा.

२०१९ च्या मे महिन्यातल्या एका मंगळवारी सकाळी एक माणूस रिकामा डबा घेऊन गल्ल्यासमोर उभा राहिला. ओरडला नाही. म्हणाला, "वैनी, आईचं आज ऑपरेशन हुतं. काल रात्रीपासनं तिला जुलाब लागल्यात, मलाबी. डाक्टर म्हणले, पुढं ढकलू."

दुपारपर्यंत आणखी आठ जणांचं कळलं. डब्यांची वही काढली आणि एकेकाला फोन लावत बसले. रविवारी रात्री डब्यात काय काय होतं, त्यातलं कुणी काय खाल्लं? आजारी पडलेल्या सगळ्यांनी कोशिंबीर खाल्ली होती. शेवटच्या बारा डब्यांना कोशिंबीर पुरली नव्हती, ते बाराही डबे खाणारे धडधाकट होते. कोशिंबीर चिरणाऱ्या पोराला बाजूला घेतलं. रविवारी सकाळपासून त्याला जुलाब होत होते, पाच-सहा वेळा मागं जाऊन आला होता. मागच्या मोरीतला साबण संपला होता. म्हटलं, "सांगितलं का नाहीस रे?" मान खाली घालून म्हणाला, "अक्का, खाडा पडला असता."

खाडा मांडणारी मीच होते.

याच पोराला सहा महिन्यांपूर्वी मी बसवून सगळं शिकवलं होतं. हात कधी धुवायचे, असं विचारलं तर सगळ्यांच्या आधी त्यानंच उत्तर दिलं होतं: संडासहून आल्यावर, नाक शिंकरल्यावर, पैशाला हात लावल्यावर, अन्नाला हात लावायच्या आधी. एकही चुकलं नव्हतं. म्हणजे माहिती त्याला होती. नव्हता तो साबण, आणि आजारी आहे असं सांगायची मुभा. त्या दिवसापासून मी "यांना कळत नाही" म्हणायचं सोडलं आणि कामाची मांडणी बदलायला घेतली. काय काय बदललं, ते खाली लिहिते आहे. हॉटेल, मेस, वडापावची गाडी, कुणीही यातलं जमेल ते घ्यावं.

आधी दाखवा

आमचे आचारीमामा मला वडिलांसारखे. मी हातांचं बोलायला लागले की म्हणायचे, "वैनी, तीस वर्षं रांधतोय. माझ्या हातचं खाऊन कोन आजारी पडलं न्हाई." ते मनापासून बोलत होते. तीस वर्षांच्या हाताला "तुझा हात घाण आहे" असं म्हणणं म्हणजे त्या माणसाचा अपमान आहे, आणि अपमान झालेला माणूस तुमच्यासमोर तेवढे हात धुतो, पाठ फिरली की नाही. त्यामुळं वाद घातला नाही. हळद घेतली.

चमचाभर हळदीत चार थेंब तेल घालून मामांना दोन्ही हातांना चोळायला दिली. मग म्हटलं, रोज धुता तसे हात धुवा. त्यांनी नळाखाली दोनदा चोळले, खांद्यावरच्या नॅपकिनला पुसले. "आता पंधरा मिनिटं तुमचं काम करा." त्यांनी फोडणी केली, मिठाचा डबा उघडला, फ्रिज उघडला, एक फोन आला तो घेतला. पंधरा मिनिटांनी मी कपडे धुवायच्या वडीचा दाट फेस आणि कापूस घेऊन मागोमाग फिरले. हळदीला साबण किंवा चुना लागला की ती लाल होते, हे आपल्याकडं घराघरात माहीत आहे. मिठाच्या डब्याचं झाकण, पळीचा दांडा, फ्रिजची मूठ, मोबाइलचं कव्हर, जिथं जिथं कापूस फिरवला तिथं तिथं तांबूस डाग उमटला. शेवटी मामांच्या हातावर फेस लावला. तळवे जवळजवळ साफ होते. पण बोटांच्या बेचक्यांत, नखांच्या कडांना, अंगठ्याच्या मुळाशी आणि अंगठीच्या खाली कुंकू भरावं तसा लाल रंग आला.

मामा बराच वेळ हाताकडं बघत राहिले. मग अंगठी काढली आणि देवाच्या फोटोपुढं ठेवली. आता ती कामाच्या वेळेत तिथंच असते.

हा प्रयोग करायचा तर दोन गोष्टी सांभाळा. भांडी घासायच्या लिक्विडनं रंग बदलत नाही, कपड्यांची वडी किंवा धुण्याचा सोडा लागतो. सोडा मुठींवर आणि झाकणांवर वापरा, हाताला वडीचा फेसच बरा. आणि हा प्रयोग सर्वांत आधी स्वतःच्या हातावर करून दाखवा. माझ्या उजव्या अंगठ्याच्या मुळाशी मामांपेक्षा जास्त लाल निघाला होता, तो मी सगळ्यांना दाखवला.

बेसिन आणि साबण

आमचं बेसिन पूर्वी संडासाच्या बोळात होतं, सिलिंडरांच्या पलीकडं. चुलीपासून पावलं मोजली, तेवीस भरली. जेवणाच्या गर्दीत तेवीस पावलं जाऊन कुणीही हात धुणार नाही, मीही धुतले नसते. प्लंबर बोलावून स्वयंपाकघराच्या दारातच, आत शिरताना हाताला लागेल असं एक बेसिन बसवलं. नळ दवाखान्यात असतो तसला, कोपरानं उघडायचा. घाण हातानं पिळून उघडलेला नळ धुतलेल्या हातानं पुन्हा पिळून बंद केला, तर धुण्याचा अर्धा उपयोग तिथंच जातो. या बेसिनमध्ये भाजी धुवायची नाही, चमचा विसळायचा नाही, चूळ भरायची नाही. फक्त हात. बोळातलं जुनं बेसिन तसंच ठेवलं, संडासहून आल्यावर पहिले हात तिथं आणि दुसऱ्यांदा दारात.

साबणाची वडी काढून टाकली. ती पाण्यात भिजत राहते, सगळ्यांच्या हाताची होते. पातळ साबणाची पंपाची बाटली ठेवली, आणि हिशोब तिनंच शिकवला. एका वेळी साधारण दोन मिली साबण लागतो. आठ माणसं, दिवसाला दहा वेळा तरी, म्हणजे १६० मिली. अर्ध्या लिटरची बाटली तीन दिवसांत संपायला हवी. मी पहिल्या महिन्यात बाटलीला चिकटपट्टी लावून तारीख लिहिली, तर बाटली अकरा दिवस गेली. विचारलं असतं तर आठही जणांनी "धुतो की" म्हणून सांगितलं असतं, आणि त्यांना तसं खरंच वाटतही होतं. बाटली मधे ठेवून नुसता हिशोब मांडला. कुणाचं नाव घेतलं नाही. पुढच्या महिन्यात चार दिवसांवर आली, आता तीन-साडेतीनला संपते. हात धुण्याची नोंदवही ठेवू नका. वहीत सह्या होतात, बाटलीत सह्या करता येत नाहीत.

धुवायचं कसं, तर पाणी, साबण, आणि मनात सावकाश वीस आकडे. बेचकी, अंगठा, नखं. मग वाहत्या पाण्याखाली धुऊन कागदी नॅपकिननं कोरडे. ओल्या हाताला जंतू लवकर चिकटतात आणि लवकर सुटतात. नॅपकिन महाग वाटले तर हात नुसते झटकून हवेवर वाळवा, पण पँटला पुसू नका.

हातातल्या गंड्यादोऱ्यांचा प्रश्न प्रत्येक खानावळीत येतो. मनगटावर देवाचा धागा असतो, तो कायम ओला आणि पिठानं माखलेला. तोड म्हणायचा मला अधिकार नाही. आमच्याकडं तो दंडात बांधतात. मावशींच्या बांगड्या कामाच्या वेळेला कोपरापर्यंत वर सरकवून वर रबर लावतात.

आगीनंतरचा हात

माझ्या माणसांना मी एकच शब्द पाठ करायला दिला आहे, बाकीचं सगळं त्यातून निघतं. आगीनंतरचा हात. ज्वारीची भाकरी हातानं थापली, हरकत नाही, पुढं तवा आहे. आमटीत हातानं मीठ टाकलं, पुढं उकळी आहे. पण तव्यावरून उतरलेल्या पोळीला, वाढलेल्या ताटाला, कोशिंबिरीला, कापलेल्या लिंबाला, वरून भुरभुरायच्या कोथिंबिरीला जो हात लागतो, त्याच्यानंतर आग नाही. तो हात सरळ गिऱ्हाइकाच्या पोटात जातो. म्हणून आगीआधीच्या हाताला थोडी सूट चालेल, आगीनंतरच्या हाताला अजिबात नाही.

हे डोक्यात बसलं की माणसं आपापल्या जागेवरच्या चुका स्वतः शोधायला लागतात. पोळ्यांच्या मावशीच म्हणाल्या, "मी लाटतीया त्याच हातानं पोळी दुमडून डब्यात टाकतीया, कच्चं पीठ लागतंयच की." आता एक मावशी लाटते, दुसरी भाजते आणि चिमट्यानं रचते. भाजणारी पिठाला हात लावत नाही. तूप बोटानं फासणं बंद, पळीच्या पाठीनं लावतात.

वाढणाऱ्या पोरांचं ग्लास धरणं बघा. कुठल्याही हॉटेलात बघा. चार ग्लास एका हातात उचलायचे, तर चार बोटं चार ग्लासांच्या आत. गिऱ्हाईक जिथं ओठ लावणार तिथं बोट. पोरांना हे चूक आहे हे ठाऊक असतं, पण गर्दीत दोन हातांनी आठ टेबलांना पाणी द्यायचं तर दुसरा मार्ग काय? मी बारा ग्लासांचे तारेचे तीन स्टँड आणले. रिकामे ग्लास पालथे ठेवूनच टेबलावर न्यायचे आणि जगमधून तिथंच पाणी ओतायचं. एका दिवसात सवय सुटली. सांगून मात्र दोन वर्षांत सुटली नव्हती.

कोशिंबीर आता जेवणाच्या वेळेआधी अर्धा तास, थोडी थोडी चिरतात. काकडी, टोमॅटो, गाजर, कोथिंबीर आधी माती जाईपर्यंत धुवायची. मग दहा लिटर पाण्यात चार टक्क्यांचं, वास-रंग नसलेलं, अन्नासाठीचं सोडियम हायपोक्लोराइट (क्लोरीनचं जंतुनाशक) साडेबारा मिली, त्यात पाच मिनिटं. नंतर पिण्याच्या पाण्यातून काढायची. मोजायला औषधाच्या बाटलीबरोबर येतं तसलं मापाचं टोपण ठेवा, अंदाजानं ओतू नका. चिरणारा हातमोजे घालतो, पण हातमोज्यांबद्दल माझं मत फार चांगलं नाही. मोजा घातला की माणसाला वाटतं आता काही धुवायला नको, आणि त्याच मोज्यानं तो फ्रिज उघडतो, नाक पुसतो, सुटे पैसे देतो. आमच्याकडं मोजा दोनच कामांना: कच्चं खायचं ते चिरताना, आणि बोट कापलं असेल तर पट्टीवरून. पिकलेल्या फोडात आणि नाकात जे जंतू असतात त्यांचं विष एकदा अन्नात तयार झालं की पुन्हा उकळूनही जात नाही. म्हणून हाताला गळू असलेला माणूस त्या दिवशी ताटाजवळ नाही, टेबलं पुसायला किंवा गल्ल्यावर.

पैसे घेणारा अन्नाला हात लावत नाही, हा नियम गर्दीत पाळणं पूर्वी कठीण जायचं. आता बरेच जण स्कॅन करून देतात, त्यानं फार सोपं झालं.

आणि तंबाखू. आमच्या भागात हा विषय टाळून स्वच्छतेचं बोलताच येणार नाही. डाव्या तळव्यावर तंबाखू, त्यावर चुना, उजव्या अंगठ्यानं मळायची, चिमूट ओठात. म्हणजे बोटं तोंडात, थुंकी बोटांना, आणि तीच बोटं मग कोथिंबिरीला. मी आधी बंदी घातली, तर पोरं गोदामात लपून खायला लागली आणि लपून खाल्ल्यावर हात धुवायला उघड्यावर येईनात. बंदी उठवली. मागच्या पायरीवर जागा ठरवून दिली, तिथं खा. पायरीवरून आत यायचं तर वाटेत बेसिन आहेच. सोडावी असं मला वाटतं, मी सांगतेही, पण ते वेगळं बोलणं आहे. ते मी संध्याकाळी चहाच्या वेळी बोलते, कामाच्या वेळी नाही.

फडकं

खानावळीतली सगळ्यात घाण वस्तू संडासात नसते, वाढणाऱ्याच्या खांद्यावर असते. एकच फडकं टेबल पुसतं, सांडलेली आमटी पुसतं, मग ताट पुसतं, मग घाम. ओलं, कोमट, खरकटं लागलेलं. जंतूंना याहून चांगली जागा नाही. ताट घासून स्वच्छ झालेलं असतं आणि आपण त्याला शेवटी हे फडकं फिरवतो.

आमच्याकडं भांडी पुसत नाहीत. घासायची, धुवायची, जाळीच्या रॅकवर तिरकी ठेवून निथळू द्यायची. त्यासाठी ताटं जास्त लागतात. मी साठाची शंभर केली. एकदाचा खर्च आहे. टेबलाला निळी फडकी, ओट्याला पांढरी. पांढरीच, कारण मळलेली दिसते. प्रत्येक जेवणाला नवी. रात्री सगळी सोड्याच्या पाण्यात उकळतात आणि सकाळी गच्चीवर उन्हात. मिरजेच्या उन्हाला काही कमी नाही. पावसाळ्यात मात्र वाळत नाहीत, तेव्हा दुप्पट फडकी ठेवा. घामाला प्रत्येकाला आपापला पंचा, तो खांद्यावर नाही, कमरेला.

भात, आमटी आणि घड्याळ

भाताबद्दल आपल्या मनात भीती नसते, आणि तिथंच घात होतो. तांदळात काही जंतूंची बीजं असतात, ती भात शिजूनही मरत नाहीत. शिजलेला भात मोठ्या पातेल्यात कोमट राहिला की ती उगवतात आणि विष तयार करतात. ते विष फोडणीच्या भातात परतलं तरी तसंच राहतं. त्यामुळं "सकाळी चांगला गरम करू की" हे भाताला लागू होत नाही. आम्ही दहा किलोचा एक घाणा घालायचो, आता अडीच-अडीच किलोचे चार घालतो. गॅस थोडा जास्त जातो. दुपारचा भात रात्री वाढत नाही. उरलाच आणि ठेवायचाच असेल, तर लगेच परातींत दोन बोटं जाडीचा पसरायचा, वर जाळी, पंखा, आणि तासाभरात फ्रिजमध्ये. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत संपला नाही तर गुरांना.

आमटी, रस्सा, उसळ यांना उकळी मिळते, पण मोठं पातेलं वरून गार लागलं तरी मधे तासन् तास कोमट असतं. पाच अंश ते साठ अंश हा जंतूंचा सुकाळ. वाढायचं ते साठच्या वर गरम ठेवा, ठेवायचं ते पाचच्या खाली गार. मधला काळ झटपट ओलांडायचा: साठावरून एकवीस अंशांपर्यंत दोन तासांच्या आत. पातेलं थंड पाण्याच्या टबात ठेवून ढवळा, नाहीतर चार बोटं खोलीच्या भांड्यांत वाटून टाका. गरम पातेलं तसंच फ्रिजमध्ये ढकललं तर ते गार होत नाही, फ्रिजमधलं दूध-दही मात्र कोमट होतं. परत गरम करताना वाफ आली म्हणजे झालं असं नाही, मधोमध पंचाहत्तर अंश व्हायला हवं, म्हणजे पळी फिरवत रटरटून उकळी. सुईचा थर्मामीटर घ्या, काही शे रुपयांत मिळतो. बर्फाच्या चुऱ्यात घालून शून्य दाखवतो का ते महिन्यातून एकदा बघा. मामांना आता त्याचा इतका नाद लागला आहे की चहातसुद्धा घालून बघतात.

ओल्या खोबऱ्याची चटणी, ताक, शेंगदाण्याचा कूट घातलेल्या कोशिंबिरी यांना आग नाही आणि टिकाऊपणाही नाही. त्या वेळेपुरत्याच करा, उरल्या तर टाका. आमच्याकडं कोंबडी-मटण नसतं. ज्यांच्याकडं असेल त्यांनी कच्च्याची पाटी आणि सुरी वेगळी ठेवावी, फ्रिजमध्ये कच्चं खालच्या कप्प्यात, आणि कोंबडी भाजीच्या शेजारी नळाखाली धुऊ नये, शिंतोडे फार लांब जातात.

बाकी थोडक्यात. पाण्याची टाकी तीन महिन्यांनी आतून घासून घ्या आणि झाकण घट्ट ठेवा. तळणाचं तेल काळपट, चिकट झालं की टाका. २०१८ पासून त्याला कायद्याचीही मर्यादा आहे. भजी-पोळी वर्तमानपत्रात बांधू नका, शाई अन्नात उतरते.

खाडा

हा भाग मी शेवटी लिहिते आहे, पण करायचा असेल तर सर्वांत आधी हाच करा.

जुलाब, उलटी, ताप, कावीळ, यातलं काहीही झालं तर सांगायचं. सांगितलं की पूर्ण पगारी सुट्टी. जुलाब-उलटी पूर्ण थांबल्यावर आणखी ४८ तास स्वयंपाकघरात पाऊल नाही, कारण बरं वाटायला लागलं तरी जंतू पोटातून पडत राहतात. टायफॉइड आणि कावीळ असेल तर डॉक्टर लेखी देईपर्यंत नाही. घरात कुणाला जुलाब होत असतील तर तेही सांगायचं. आणि न सांगता आजारी अंगानं काम केलं असं कळलं तर मी रागावते. सांगितल्याबद्दल कधीच नाही. लोक म्हणाले, "पोरं खोटं बोलून सुट्ट्या घेतील." पहिल्या पूर्ण वर्षात आठ जणांच्या मिळून सतरा सुट्ट्या झाल्या. रोजाच्या ४५० रुपयांनी ७,६५० रुपये. त्या एका कोशिंबिरीनं माझं किती गेलं, तर आजारी पडलेल्यांच्या औषधपाण्याचे पैसे मी दिले तेच याहून जास्त होते, आणि त्या म्हाताऱ्या आईचं ऑपरेशन आठ दिवस लांबलं त्याची भरपाई मला कधी देता आली नाही.

नव्या माणसाला मी मेरी मॅलनची गोष्ट सांगते. न्यूयॉर्कमध्ये श्रीमंतांच्या घरी रांधणारी आयर्लंडची बाई. स्वतः ठणठणीत, पण पोटात टायफॉइडचे जंतू घेऊन फिरत होती, आणि ती काम करी त्यातल्या बहुतेक घरांत टायफॉइड निघे. तिच्या शिजवलेल्या जेवणावर नव्हे, तर ताजे पीच चिरून घातलेल्या तिच्या आइस्क्रीमवर तपास करणाऱ्याचा संशय होता. आगीनंतरचाच हात. १९०७ मध्ये तिला पकडून वेगळं ठेवलं, १९१० मध्ये पुन्हा रांधणार नाही या अटीवर सोडलं. सोडल्यावर ती कपडे धुवायच्या कामाला लागली. त्यात स्वयंपाकापेक्षा मजुरी कमी. ती नाव बदलून परत चुलीपाशी गेली आणि १९१५ मध्ये बाळंतिणींच्या एका दवाखान्यात पंचवीस माणसं आजारी पडली. मरेपर्यंत, १९३८ पर्यंत, तिला एका बेटावर ठेवलं. गोष्ट संपली की माझी माणसं जंतूंबद्दल फारसं विचारत नाहीत. "मग तिला तेवढीच मजुरी दिली असती तर?" असं विचारतात. आमच्या भांड्यांच्या मावशींनीच पहिल्यांदा विचारलं होतं.

कागद आणि बोलणं

२००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याखाली लायसनचा किंवा नोंदणीचा चौदा आकडी नंबर घ्यावा लागतो, तो भिंतीवर लावा. अन्न हाताळणाऱ्यांची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी २०११ च्या नियमांत सांगितली आहे. ती खरी करून घ्या, माणसाला प्रत्यक्ष नेऊन, आणि टायफॉइडची लसही तेव्हाच. सरकारचं 'फोस्टॅक' नावाचं प्रशिक्षण आहे, पंचवीस माणसांमागं एक तरी प्रशिक्षित असावा असा दंडक आहे. मी स्वतः केलं, मग मामांना पाठवलं. मामांना मिळालेलं सर्टिफिकेट मी फ्रेम करून माझ्या लायसनच्या शेजारी लावलं आहे. वाढणारी पोरं मी सांगितलेलं ऐकतात, पण मामांनी सांगितलेलं करतात.

बोलायचं त्यांच्या भाषेत. चिरणाऱ्या पोराला कन्नडमधून, नेपाळच्या पोराला हिंदीतून. मराठी पाट्या दोघांनाही वाचता येत नाहीत, म्हणून पाट्या काढून चित्रं लावली. गिऱ्हाइकासमोर कुणाला टोकू नका. जेवणं उरकल्यावर बाजूला घ्या, आणि "तू असं केलंस" म्हणण्याआधी "तिथं काय अडचण होती" ते विचारा. दहातल्या आठ वेळा अडचण खरी असते: चिमटा मोडलाय, फडकी वाळली नाहीत, पाणी गेलं होतं. ती दुसऱ्या दिवशी सकाळच्या आत मिटवा. नाही मिटवलीत तर तिसऱ्यांदा कुणी सांगणार नाही.

नवा माणूस आला की पहिले तीन दिवस त्याला ताटाला हात लावू देत नाही. पहिल्या दिवशी हळद. मग पाणी, टेबलं, आणि बघणं. चौथ्या दिवशी मामा त्याला जागा देतात.

रात्री साडेदहाला शटर अर्धं ओढून मी एक फेरी मारते. दोन्ही बेसिनच्या बाटल्या हलवून बघते, एकीत दोन बोटांपेक्षा कमी असेल तर तेव्हाच भरते, सकाळवर ठेवत नाही. फ्रिजमधल्या प्रत्येक भांड्यावर वेळ लिहिलेली चिठ्ठी आहे का ते बघते, चिठ्ठी नसेल ते भांडं रिकामं करते, त्यात काहीही असो. फडक्यांचं पातेलं उकळायला ठेवते. मामांची अंगठी देवापुढं राहिली असेल तर त्यांना हाक मारते.